जुनी सूडकथा घेताना आणि वाचताना या चुका टाळा

रिचर्ड स्टार्कची ‘द हंटर’ शोधताय? मग आधी नावांचा घोळ समजून घ्या. १९६२ साली अमेरिकेत पॉकेट बुक्सने ती थेट पेपरबॅकमध्ये काढली. १९६७ मध्ये तिच्यावरून ‘पॉइंट ब्लँक’ चित्रपट आला आणि कादंबरीही त्या नावाने निघाली. १९९९ मध्ये ‘पेबॅक’ आला तेव्हा पुन्हा तेच. नावं तीन, कादंबरी एकच. मी स्वतः ती दोनदा घेऊन बसलोय! मुखपृष्ठावर जाऊ नका, आतलं कॉपीराइटचं पान बघा. शिवाय स्टार्क हे डोनाल्ड वेस्टलेकचं टोपणनाव, त्यामुळे दोन्ही नावांनी शोधा.

पुस्तक हाती आलं की लोक ते टेबलावर उघडून दाबतात. जुना गोंद वाळून कडक झालेला असतो. ‘कट्’ असा आवाज आला की कणा मोडलाच म्हणून समजा. दोन्ही हातांत धरून अर्धवटच उघडा. पान निसटलंच तर सेलोटेप नको, त्याचा चिकटा पिवळा पडून कागदात उतरतो. आतल्या कडेला गव्हाच्या खळीची केसाएवढी रेघ ओढा, पान बसवा, दोन्ही बाजूंना बटरपेपर घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. कुबट वास घालवायला उन्हात टाकू नका, हा स्वस्त कागद उजेडाने आणखी तपकिरी होतो. बंद डब्यात खाण्याच्या सोड्याची उघडी वाटी ठेवा, सोडा पुस्तकाला लागता कामा नये.

वाचतानाची नेहमीची तक्रार: ‘मधली पानं गहाळ आहेत.’ बहुतेक वेळा नसतात. कादंबरीचा नायक, दरोडेखोर पार्कर अचानक बाजूला होतो, गोष्ट त्याला दगा देणाऱ्या मॅलच्या नजरेतून चालते, काळही मागे जातो. पानांचे आकडे सलग असतील तर वाचत राहा.

पार्करला पश्चात्ताप होईल याची वाट बघू नका. बायकोने गोळी झाडली, साथीदाराने लुटलं आणि ते पैसे संघटित गुन्हेगारांचं देणं फेडायला दिले, तरी हा माणूस त्यांच्याच दारात जाऊन आपल्या वाट्याचे ४५,००० डॉलरच मागतो. मला त्याचा हा हिशेबीपणाच जास्त भीतिदायक वाटतो.

शेवट माहीत करून घ्यायचा नसेल तर इथेच थांबा. मूळ मसुद्यात पार्कर पकडला जात होता. संपादक बकलिन मून यांनी त्याला निसटू देण्याची सूचना केली आणि पार्करच्या पुढच्या तेवीस कादंबऱ्यांना जागा झाली.