बँकेच्या परीक्षेचा अभ्यास मधेच थंडावतो? या चुका टाळा

क्लार्कची जाहिरात आली की अभ्यासिकेत बसायला जागा मिळत नाही, आणि प्रीलिम्स, म्हणजे पूर्वपरीक्षा, उरकली की पुढच्याच आठवड्यात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी हे तीन वर्षं पाहिलं. त्यातल्या एका वर्षी रिकाम्या खुर्चीवाला मीच होतो. आज एका सरकारी बँकेत काउंटरवर बसतो. गावाकडची मुलं फोन करून विचारतात, "दादा, अभ्यासात मनच लागत नाही, काय करू?" त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितोय.

जिद्द कमी पडली असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. जी मुलं घर सोडून, मेसचं जेवण जेवून, महिन्याचं भाडं भरून बसलेली असतात, त्यांच्यात जिद्द असतेच. अभ्यासाची पद्धत चुकते, मेहनतीचं फळ दिसत नाही आणि मग मन उठतं.

मॉकचा (सराव परीक्षेचा) स्कोअर बघून टॅब बंद करणं

सगळ्यात जास्त मुलं इथे खचतात. मॉक दिली, ४८ आले, जीव हिरमुसला, मोबाइल खाली ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा मॉक, पुन्हा ४९. असं दहा वेळा झालं की "आपल्याला हे जमणारच नाही" असं वाटायला लागतं. पण त्या दहा मॉकमध्ये तुम्ही एकच चूक दहा वेळा केलेली असू शकते.

क्लार्कच्या प्रीलिम्सला १०० प्रश्न आणि ६० मिनिटं. इंग्रजी ३०, गणित ३५, रीझनिंग (तर्कक्षमता) ३५, आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र २० मिनिटं. म्हणजे रीझनिंगला एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद. माझं घोडं तिथेच अडायचं. गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ जणांचा सेट आला की, 'पाच प्रश्न आहेत, सोडायचे कशाला' म्हणून मी त्यात शिरायचो. कागदावर वर्तुळ काढायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं. एका मॉकनंतर प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ तपासला, तर त्या एका सेटमध्ये ११ मिनिटं गेली होती. शेवटी असमानता (लहान-मोठ्याच्या चिन्हांचे) आणि सिलॉजिझमचे (विधानांवरून निष्कर्ष काढायचे) सोपे प्रश्न न उघडताच राहिले होते. ते मला सहज येत होते.

त्या दिवसापासून दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक मॉकनंतर चारच रकाने भरायला लागलो: येत होतं पण चुकलं, येत नव्हतं तरी ठोकलं, येत होतं पण वेळ पुरला नाही, आणि मुळात येतच नाही. चौथा रकाना सगळ्यात छोटा निघाला. ते पाहून जो धीर आला, तो कुठल्या भाषणाने आला नव्हता.

दुसरा रकाना निगेटिव्हचा. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण जातो. ७० सोडवून ५६ बरोबर, १४ चूक आले तर हातात ५२.५ उरतात. ६० सोडवून ५५ बरोबर आणि ५ चूक आले तर ५३.७५. दहा प्रश्न कमी सोडवूनही गुण जास्त! म्हणून शेजारच्याने किती अटेम्प्ट केले हे विचारून घाबरून जाऊ नका. मॉक आठवड्याला दोनच द्या, पण तपासायला प्रत्येकीला तीन तास द्या.

तास मोजणं

'आज बारा तास बसलो' याला अर्थ नाही. काय झालं ते मोजा: डीआयचे (तक्ते-आलेखांवरच्या प्रश्नांचे) चार सेट, सरळरूपाची शंभर गणितं, एक उतारा. ठरलेलं संपलं की उठा. रात्री अपराधी वाटत नाही आणि सकाळी पुन्हा बसावंसं वाटतं.

इंग्रजी मागे टाकत राहणं

आपण मराठी माध्यमातले. क्लार्कची प्रीलिम्स मराठीतून देता येते, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतूनच सोडवावा लागतो. गणितात प्रगती दिसते म्हणून आपण दिवसभर गणितच करत बसतो, आणि मनात कुठेतरी इंग्रजीची धास्ती रोज वाढत जाते. ती धास्तीच उत्साह खाते. सकाळी सर्वात आधी अर्धा तास इंग्रजी उरका. बँकिंगची एक बातमी मराठीत वाचा, मग तीच इंग्रजी पेपरात वाचा. विषय आधीच कळलेला असतो, त्यामुळे शब्द अडत नाहीत. शिवाय मेन्सच्या, म्हणजे मुख्य परीक्षेच्या, बँकिंग जागरूकतेची तयारी आपोआप होते.

प्रीलिम्सनंतर निकालाची वाट बघत बसणं

माझं एक अख्खं वर्ष इथे गेलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पेपर बरा गेला होता. रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर कटऑफचे (पुढे जायला लागणाऱ्या किमान गुणांचे) अंदाज, ग्रुपवर पोल, 'या शिफ्टचा पेपर सोपा होता का' यावर तासन्‌तास चर्चा. मेन्सचं पुस्तक उघडायला हात धजावत नव्हता, कारण 'आधी निकाल तर लागू दे'. निकाल लागला, पास झालो आणि मेन्स तोंडावर आली. चालू घडामोडींचे सहा महिने तसेच पडून होते. व्हायचं तेच झालं.

प्रीलिम्सचे गुण फक्त पुढे जाण्यापुरते असतात, अंतिम यादीत धरले जात नाहीत. क्लार्कला मुलाखतही नाही. अंतिम यादी मेन्सच्या गुणांवरच लागते. म्हणून प्रीलिम्स झाल्यावर एक दिवस झोप काढा आणि दुसऱ्या दिवशी पास झाल्याचं धरून मेन्सला लागा. नापास झालात तरी तो अभ्यास पुढच्या परीक्षेला कामी येतो: आयबीपीएस (सरकारी बँकांच्या भरतीची सामाईक परीक्षा घेणारी संस्था), स्टेट बँक आणि ग्रामीण बँक यांचा अभ्यासक्रम बराचसा सारखाच आहे. आणि टेलिग्रामचे ते ग्रुप? एक ठेवा, बाकीचे सोडा. टॉपरच्या मुलाखती रविवारी जेवताना बघा.

घरी अर्धवट सांगणं

"काय रे, लागला का निकाल?" आई दर फोनला विचारते, आणि आपण "लागेल, लागेल" म्हणून विषय टाळतो. मग फोन उचलायचीच भीती वाटते. मी एकदा घरी बसून कागदावर लिहून दाखवलं: या महिन्यात प्रीलिम्स, या महिन्यात मेन्स, अंतिम निकाल साधारण कधी, आणि क्लार्कला वयाची अट २८ असल्याने खुल्या गटातून माझ्या किती संधी उरल्यात. तात्यांनी तो कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला. त्यानंतर फोनवर जेवलास का, एवढंच विचारलं जायचं.

निकालाच्या दिवशी गायब होणं

नाव नसलं की बॅग भरून गावी जाऊ नका. जायचंच तर गुणपत्रक बघून जा. ते आलं की विभागवार गुण आणि कटऑफ शेजारी-शेजारी वहीत उतरवा. कुठल्या विभागात किती कमी पडले, ते आकड्यात दिसू द्या. मी साडेतीन गुणांनी राहिलो होतो, आणि त्यातले तीन इंग्रजीत गेले होते. मग दोन दिवस घरी गेलो, आईच्या हातचं जेवलो, आणि परत येऊन पहिला अर्धा तास इंग्रजीला दिला.