वॉन विलेब्रँडच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन सारखं उतरतंय? आतड्यातल्या रक्तवाहिन्या अशा तपासा

वॉन विलेब्रँड आजार, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा बहुधा आनुवंशिक विकार, म्हटला की घोळणा फुटणं, हिरड्यांतून रक्त आणि न थांबणारी पाळी आठवते. पण पन्नाशीच्या आसपास नाक शांत असतानाही हिमोग्लोबिन १२ वरून ८ वर आलं, तर आधी संशय आतड्यावर घ्यावा.

या आजारात कमी पडणारं प्रथिन प्लेटलेट्सना जखमेवर चिकटवतं आणि रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ या प्रथिनाला सांभाळतं. त्याचं आणखी एक काम बरंच उशिरा कळलं. रक्तवाहिनीच्या अस्तरात राहून ते नव्या वाहिन्या फुटण्याला आवर घालतं. हा आवर सुटला की आतड्यात पातळ भिंतीच्या, वेड्यावाकड्या वाहिन्या वाढतात. त्यांना अँजिओडिस्प्लेशिया म्हणतात. म्हणजे वाहिनी नाजूक आणि रक्त थांबत नाही, हे दोन्ही एकाच दोषातून येतं. ज्यांच्या रक्तात या प्रथिनाचे मोठे रेणू नसतात, त्या टाइप २ए आणि टाइप ३ च्या रुग्णांत हे जास्त दिसतं. म्हणून आपला टाइप कोणता, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सुरुवात शौचापासून करा. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी म्हणजे वरच्या भागातलं रक्त. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट-हिरवा होतो, पण तो चिकटपणा आणि वास नसतो. रंग नेहमीचाच असला तरी थेंबाथेंबाने रक्त जात असू शकतं, म्हणून सीबीसीसोबत (रक्तपेशींची तपासणी) शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासा. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. काळी शी होऊन चक्कर, धडधड किंवा घाम आला तर तपासण्यांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

दुर्बिणीची तपासणी तोंडातून आणि गुदमार्गातून, दोन्हीकडून करावी लागते. कोलोनोस्कोपीआधी डॉक्टरांना विचारून ५ ते ७ दिवस लोहाच्या गोळ्या थांबवा, नाहीतर काळ्या थरात काही दिसत नाही. आजाराचं नाव आधीच सांगा, म्हणजे तुकडा घ्यायची वेळ आली तर फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं इंजेक्शन) तयार राहील. दोन्ही तपासण्या कोऱ्या आल्या तर तिथे थांबू नका. या वाहिन्यांचे डाग काही मिलिमीटरचेच असतात, बरेचदा लहान आतड्यात असतात आणि रक्त फार कमी झालं असेल तर फिके पडून नजरेतून सुटतात. पुढची पायरी कॅप्सूल एंडोस्कोपी, म्हणजे गिळायच्या छोट्या कॅमेऱ्याने आतडं पाहणं.

उपचारात सर्वांत महागात पडणारी चूक बाटलीवरच्या लेबलची. हिमोफिलियासाठीचं रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेलं) फॅक्टर ८ इथे उपयोगी पडत नाही, कारण त्यात वॉन विलेब्रँड प्रथिन नसतं. ते असलेलंच कॉन्सन्ट्रेट हवं. लेबलवर त्याची युनिट्स छापलेली आहेत का, ते वाचा. ते मिळालंच नाही तर क्रायोप्रेसिपिटेट (दात्याच्या प्लाझ्मातून काढलेला घटक) हा अडचणीतला मार्ग. डोस हेमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) ठरवतील. टाइप ३ मध्ये डेस्मोप्रेसिन, म्हणजे शरीरातलं साठलेलं हे प्रथिन बाहेर काढणारं औषध, चालत नाही.

दिसलेला डाग दुर्बिणीतून आर्गॉन प्लाझ्माने (आर्गॉन वायू आणि विजेच्या उष्णतेने) जाळून बंद करता येतो, पण प्रथिनाची उणीव कायम असल्याने दुसरीकडे नवा तयार होतो. वारंवार रक्त जाणाऱ्यांना म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा ठरावीक फॅक्टर देण्याचा विचार करतात. रक्ताची गुठळी टिकवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची जोड मिळते, मात्र लघवीत रक्त असेल तर नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, कंबरेतलं इंजेक्शनही नको.

साठीनंतर पहिल्यांदाच हा आजार निघाला आणि घरात कुणालाच नसेल, तर हृदयाची इको करून घ्या. महाधमनीची झडप अरुंद झाली की तिथल्या जोरदार प्रवाहात प्रथिनाचे मोठे रेणू तुटतात आणि आतड्यातून तसंच रक्त जातं. १९५८ साली हाइड या डॉक्टरांनी हा संबंध टिपला. झडप बदलल्यावर अशांचा रक्तस्राव बहुधा थांबतो.