गेम हातात द्या आणि गप्प बसा

पझल गेमची चाचणी घेताना खेळणाऱ्याला काहीही समजावू नका. फोन द्या, स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा, बाजूला बसा. 'आता काय करू?' असं विचारलं तर 'तुला काय वाटतं?' एवढंच म्हणा. बोट कुठे घुटमळतं ते बघा. समजा, गेममधल्या दाराची कळ सोडून खेळणारा मागच्या भिंतीवरच्या दिव्यावर टॅप करत राहिला, तर कोडं अवघड नाही, दिवा नको इतका उठून दिसतोय. हिंट वाढवण्याआधी दिवा मंद करा. (मंडळी नेमकी हिंटच वाढवतात.) विचारात थांबलेला खेळाडू चालतो, वैतागून तेच तेच दाबणारा नाही.

उत्तर कळलेला माणूस त्या कोड्यासाठी पुन्हा कामाचा नाही, म्हणून सगळे मित्र एकाच दिवशी खर्चू नका. एखादी गोष्ट वापरायला किती सोपी आहे हे तपासणाऱ्या चाचण्यांबद्दल, त्या विषयाचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली हेच सुचवलं होतं: पाच जण, मग दुरुस्ती, मग नवे पाच.

आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने खेळवून बघाच. वरच्या कोपऱ्यातल्या 'अनडू'पर्यंत (चाल मागे घेण्याच्या बटणापर्यंत) अंगठा पोचत नाही, हे खुर्चीत बसून कळत नाही.