हॉट रॉडचा स्टान्स आणि बॉडी लाइन: या चुका टाळा

गेली बारा-तेरा वर्षं मी लॉस एंजेलिसजवळ स्वतःच्या गॅरेजमध्ये जुन्या फोर्ड गाड्यांचे हॉट रॉड बनवतोय, म्हणजे जुनी गाडी खाली घेऊन, पत्रा कापून आपल्या मनासारखी करायची, शनिवार-रविवार सगळा त्यातच जातो, आणि हल्ली इकडची आपली मराठी पोरंही या नादाला लागलीयत याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांचा फोन नेमका एकाच टप्प्यावर येतो, पत्रा कापून झाल्यावर. "दादा, गाडी फोटोतल्यासारखी बसत नाहीये." अरे बाबा, कापायच्या आधी फोन करायचास ना!

म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. स्टान्स म्हणजे गाडी चाकांवर कशी बसलेली दिसते ते, आणि बॉडी लाइन म्हणजे बाजूने बघितल्यावर पत्र्याची जी रेघ दिसते ती. हे फक्त ट्रॅडिशनल हॉट रॉडबद्दल आहे, म्हणजे 1928 ते 1931 ची मॉडेल ए नाहीतर 1932 ची फोर्ड, पुढे-मागे आडवा पाटा (एकावर एक पानांची स्प्रिंग), पुढे सरळ आय-बीम ॲक्सल (इंग्रजी I सारखा छेद असलेला अखंड दांडा), जुन्या पद्धतीचे बायस-प्लाय टायर.

रिकाम्या चासीवर उंची ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती मी स्वतः केलीय. माझी पहिली गाडी 1931 ची मॉडेल ए कूपे. चासी तयार झाली, चार इंच ड्रॉपचा, म्हणजे गाडी तेवढी खाली आणणारा ॲक्सल बसवला, चाकं लावली आणि बघतो तर गाडी पुढून उंचच उंच. इंजिन नाही, रेडिएटर नाही, काच नाही, दारं नाहीत, तर पाटा दबणार कशाने? पण तेव्हा एवढा विचार कोण करतो, डोक्यात फक्त फोटो होता. मी पुढच्या पाट्याची तीन पानं काढून टाकली, गाडी झक्क खाली बसली, त्याच उंचीवर मी सगळे ब्रॅकेट पक्के वेल्ड केले. मग फ्लॅटहेड व्ही-8 इंजिन आणि गिअरबॉक्स आत गेलं, ते दोन्ही मिळून तीनशे किलोच्या घरात, वर बॉडी, काचा, पेट्रोल, आणि आम्ही दोघं. पाटा जवळजवळ सरळ झाला, शॅकल, म्हणजे पाट्याची टोकं धरणारे छोटे दुवे, आडवे पडले आणि फ्रीवेवर पुलाचा प्रत्येक जोड आला की ॲक्सल चासीवर धाडकन आपटायचा. तो आवाज पायातून वर यायचा. बायको पुढच्या एक्झिटला उतरायला निघाली होती. सगळे ब्रॅकेट ग्राइंडरने कापून परत करावे लागले, चार महिने गेले.

आता माझी सवय अशी आहे की इंजिनचा नुसता ब्लॉक आणि हेड का असेना, आत ठेवायचं. रेडिएटर, टाकी, दारं जागेवर. जे नाही त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या, ड्रायव्हरच्या जागीसुद्धा. मग गाडी पुढे-मागे ढकलायची, दोन-चार वेळा दाबून सोडायची, म्हणजे पाटा आपल्या जागी बसतो, आणि मगच टेप काढायची. शॅकल साधारण 45 अंशात उभा दिसला पाहिजे. तो आडवा पडला असेल किंवा सरळ खाली लोंबत असेल तर पाटा लांबीला चुकीचा आहे, पानं काढून ते सुटणार नाही. एखाद इंच खाली हवं असेल तर रिव्हर्स आयचा, म्हणजे टोकाची गुंडाळी उलट बाजूला असलेला, मुख्य पाटा घ्या, पानं ओरबाडू नका. आणि हे सगळं होईपर्यंत फक्त टाके मारायचे, पूर्ण वेल्ड नाही. ज्याला टाक्यावर थांबायचा धीर नाही त्याने तयार गाडी विकत घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही.

उसने टायर

ज्या टायरवर गाडी चालणार तेच टायर लावून उंची घ्या. मागचा टायर पुढच्यापेक्षा चार इंच उंच असेल तर मागची चासी दोन इंच वर जाते, कारण फरक निम्माच लागतो. हे विसरून पोरं गॅरेजमधल्या कुठल्यातरी आजकालच्या रेडियल टायरवर सगळं मोजतात आणि नंतर खरे टायर आले की कपाळाला हात लावतात.

नाक खाली केलं, पण कास्टर बघितला नाही

नाक खाली, शेपूट वर, हा रेक सगळ्यांना हवा असतो, मलाही आवडतो. पण चासी पुढे कलली की तिच्याबरोबर ॲक्सलही पुढे कलतो आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या खिळीवर (किंगपिनवर) वळतं तिचा मागे झुकलेला कोन, तेवढाच कमी होतो. मॉडेल एचा व्हीलबेस 103.5 इंच, म्हणजे पुढच्या-मागच्या उंचीत पावणेदोन-दोन इंचाचा फरक पडला की जवळपास एक अंश गेला. पाच इंचाचा रेक केलात तर पावणेतीन अंश उडाले. सरळ ॲक्सलला मी 6 अंशाच्या आसपास ठेवतो, तीनवर आलात तर गाडी ताशी पन्नास मैलांच्या वर गेली की रस्त्यावर भटकायला लागते, स्टेअरिंग सतत सांभाळत बसावं लागतं. मग लोक स्टेअरिंग बॉक्स बदलतात, डॅम्पर लावतात. आधी गाडी तयार उंचीवर उभी करून किंगपिनला अँगल गेज लावा, विशबोन, म्हणजे ॲक्सलला मागे चासीशी धरणारा दांडा, स्प्लिट केला (मधून कापून दोन बाजूंना लावला) असेल तर त्याचं मागचं टोक थोडं खाली घ्या, कास्टर परत येतो. आणि स्प्लिट विशबोन ट्यूब ॲक्सलला, म्हणजे पोकळ नळीच्या ॲक्सलला, लावू नका. आय-बीम पिळ खातो, ट्यूब खात नाही, मग कुठलं तरी वेल्ड तुटतं.

बॉनेटची लाइन चढणं

यावर मी तासभर बोलू शकतो. मॉडेल एवर 1932 चा ग्रिल शेल, म्हणजे रेडिएटरभोवतीचं कवच, लावायची जुनी पद्धत आहे, दिसतोही सुंदर. पण तो शेल उंच आहे, मॉडेल एच्या चासीवर जसाच्या तसा ठेवला की काउलच्या (बॉनेट आणि पुढच्या काचेमधल्या पत्र्याच्या) मानाने वर येतो आणि बॉनेटची रेघ पुढे चढत जाते. माणसाने हनुवटी वर करून चालावं तशी गाडी दिसते. मग चार इंच टाका, सहा इंच टाका, कितीही लो करा, ती खाली बसलेली वाटतच नाही.

सॅन होजेच्या एका मित्राचं हेच झालं. त्याने तीन महिने बॉडी घासली, लाँग बोर्ड (घासायची लांब पट्टी) चालवून चालवून हात सुजवले, पत्रा आरशासारखा केला, आणि मला बोलावलं, म्हणाला काहीतरी चुकतंय, काय ते कळत नाही. मी बॅगेतून काळा दोरा काढला, मागच्या क्वार्टरपासून (दारामागच्या पत्र्यापासून) दाराच्या बेल्टलाइनवरून (खिडकीखालच्या रेघेवरून) काउलपर्यंत चिकटवला आणि तसाच ताणून पुढे शेलपर्यंत नेला. शेल जिथे असायला हवा होता त्याच्यापेक्षा दीड इंच वर! त्याने दुकानातून स्टॉक उंचीचा रेडिएटर आणला होता, त्यावर शेल ठेवला आणि त्या शेलच्या मापाने बॉनेट बनवून घेतलं. एक चूक, तिच्यावर बाकी सगळं उभं. शेवटी रेडिएटर बुटका घेतला, शेलचा खालचा भाग कापून दोन इंच खाली उतरवला, आणि ते नवंकोरं बॉनेट भंगारात गेलं. तो काही बोलला नाही, नुसता त्याच्यावर हात फिरवत उभा होता. मला अजून आठवतं.

म्हणून पुट्टीचा डबा उघडायच्या आधी दोरा. बॉनेटची रेघ सपाट असावी किंवा पुढे किंचित उतरती, चढती कधीच नाही. वडील साताऱ्याकडे बांधकामं घ्यायचे, त्यांचा पितळी ओळंबा माझ्याकडे आहे, तो मी शेलच्या मधून सोडतो, म्हणजे शेल डावी-उजवीकडे कलला असेल तर लगेच कळतं. मग गाडी बाहेर काढायची, रस्त्यापलीकडे जायचं आणि गुडघ्यावर बसून बघायचं. दोन फुटांवरून लाइन कधीच दिसत नाही. डोएन स्पेन्सर या नावाजलेल्या हॉट रॉडरच्या 1932 च्या काळ्या रोडस्टरचे (उघड्या गाडीचे) फोटो बघा, ड्युव्हॉल विंडशील्डचा (पुढच्या तिरप्या काचेचा) कल आणि बाकी गाडीचा उतार एकमेकांशी कसा बोलतो ते. 1997 मध्ये पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रसिद्ध स्पर्धेत पहिल्यांदा हॉट रॉडचा क्लास ठेवला, तो याच गाडीने जिंकला.

बाकीच्या, पटपट

दाराच्या फटी बॉडी चासीवर बोल्टने आवळल्यावरच जुळवा. मधला भाग खाली बसला असेल तर दाराची वरची फट मिटते, तिथे बॉडीखाली शिम (पातळ पट्ट्या) घाला. बिजागरी वाकवत बसू नका, दाराची कड ग्राइंडरने खाणं तर अजिबात नको.

छत कापताना, म्हणजे चॉप करताना, तीन इंच ऐकायला थोडे वाटतात. खांब तिरपे असतात, कापल्यावर वरचा आणि खालचा तुकडा समोरासमोर येत नाही. मॉडेल एचे खांब त्यातल्या त्यात उभे, 1933-34 चे बरेच कललेले, तिथे पहिला चॉप शिकू नका.

पत्र्याचे सांधे-खड्डे बुजवायला शिसं भरलं असेल तर ते कानशीनेच घासा. त्यावर सँडर चालवला की शिशाची धूळ फुफ्फुसात जाते, घरी लहान मुलं असतील तर कपड्यांवरून त्यांच्यापर्यंतही. आणि शिसं चिकटावं म्हणून लावलेल्या फ्लक्सचं ॲसिड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर सहा महिन्यांत पेंटला फोड येतात.

मॅट प्रायमरमध्ये लाटा दिसत नाहीत. पाणी मारून बघा, तिरप्या उजेडात.

आणि स्क्रब लाइन. हे कोणीच तपासत नाही आणि मला त्याची खरंच भीती वाटते. एका बाजूच्या रिमच्या खालच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या रिमच्या खालच्या कडेपर्यंत दोरा ताणा, पुढे, मागे, तिरपासुद्धा. त्या दोऱ्याच्या खाली चासी, विशबोन, पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्सचा हात), ऑइल पॅन, एक्झॉस्ट, काहीही आलं तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही. टायर फुटला तर रिम जमिनीला टेकायला हवी, स्टेअरिंगची लिंक नाही. माझ्या गॅरेजमधून गाडी बाहेर पडायच्या आधी हा दोरा मी स्वतः धरतो, दुसऱ्या टोकाला गाडीचा मालक असतो, आणि दोघांनी वाकून बघितल्याशिवाय चावी देत नाही.