इंडेक्स प्लेट असूनही खाचांमधील अंतर चुकत असल्यास : माझा अनुभव

खानापुरातील माझ्या छोट्या कारखान्यात लाकूड कातण्याच्या जुन्या लेथला ९६ छिद्रांची इंडेक्स प्लेट (वर्तुळाचे समान भाग पाडण्यासाठीची छिद्रांची चकती) आणि स्वतंत्र मोटारीवर फिरणारा कटर बसवून शिसवी झाकणांच्या कडेवर २४ खाचा कोरताना त्यांमधील अंतर कमीजास्त पडत असे. कटरला धार लावली, बेअरिंग बदलले, बेळगावच्या उद्यमबागेतून नवी प्लेटही करून आणली. उपयोग झाला नाही. वाया गेलेल्या शिसवीकडे पाहवत नव्हते.

दोष प्लेटच्या छिद्रात अडकून लेथ जागी रोखणाऱ्या पिनेत होता. सरळ पिन छिद्रात ०.३ मिमी हलत होती. छिद्रांचे वर्तुळ १०० मिमी व्यासाचे आणि झाकण १५० मिमीचे असल्यामुळे कडेला तीच चूक ०.४५ मिमी होई.

प्रथम प्रत्येक छिद्राचे तोंड ६० अंशांच्या काउंटरसिंकने (छिद्राचे तोंड शंकूसारखे रुंद करणाऱ्या हत्याराने) सारख्याच खोलीपर्यंत उतरते केले. नंतर त्याच कोनाच्या निमुळत्या टोकाची पिन स्प्रिंगच्या दाबाने बसवली. मग मुख्य मोटारीचा पट्टा काढून (तो असताना हे मुळीच करू नये) स्पिंडलवर (लेथच्या फिरत्या दांड्यावर) दोरी गुंडाळली आणि तिला दोन किलोचे वजन टांगले, म्हणजे उरलेली ढिलाई नेहमी एकाच बाजूला राहते. शेवटी प्लेट एकाच दिशेने चार-चार छिद्रे पुढे नेली. चुकून पुढे गेल्यास बरेच मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने छिद्र गाठले. चोविसावी खाच पहिलीला अचूक अंतरावर भेटली.