‘क्युअर’ हे क्रियापद मुळापासून कसं शिकावं

सांगलीत माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्यांत कोणी बांधकामावर सुपरवायझर असतं, कोणी नर्सिंगचं, कोणी हळदीच्या अडतीवरचं. तिघांच्याही कामात येणारं क्रियापद म्हणून मी ‘क्युअर’ निवडते.

अर्थ पाठ करू नका. आधी विचारा, क्युअर करायचंय कोणाला? माणसाला किंवा आजाराला असेल, तर अर्थ ‘पुरतं बरं करणं’. नुसते उपचार चालू असतील तिथे ‘ट्रीट’ म्हणा. मधुमेहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतात, ते ट्रीट करणं झालं. जखम भरून येते, तिथे ‘हील’. क्रियापदापुढे ‘ऑफ’ येतं: ‘द डॉक्टर क्युअर्ड हिम ऑफ मलेरिया’. नाम म्हणून वापरलं की ‘फॉर’: ‘अ क्युअर फॉर मलेरिया’. इथे खूपजण ‘फ्रॉम’ घालतात, ते टाळा.

आता स्लॅब. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन कडक होतं. म्हणून साध्या पोर्टलंड सिमेंटचं काँक्रीट किमान ७ दिवस आणि मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटचं किमान १० दिवस ओलं ठेवावं, असं आयएस ४५६ हे काँक्रीटसाठीचं भारतीय मानक सांगतं. स्लॅबवर आळी करून पाणी साठवणं, कॉलमला ओली पोती गुंडाळणं, हे सगळं क्युअर करणं.

हळदीचं मात्र उलट. ओले कंद शिजवायचे आणि उन्हात वाळवायचे. फेस येऊन वाफेला हळदीचा वास सुटला, बोथट काडी हळकुंडातून सहज आरपार गेली, की शिजलं. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन वाजतं. इंग्रजी माहितीपत्रकांत या सगळ्यालाही ‘क्युअरिंग’च म्हणतात.

एक ओलं ठेवायचं, दुसरं वाळवायचं, मग शब्द एकच कसा? उत्तर मुळात आहे. लॅटिनमध्ये ‘कुरा’ म्हणजे काळजी, निगा. ‘कुरारे’ म्हणजे निगा राखणं. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. रोगी असो, स्लॅब असो की हळद, हवं तसं होईपर्यंत निगा राखायची. मला तर मराठीतला ‘निगा’ हा शब्दच याच्या सगळ्यात जवळचा वाटतो. हे मूळ कळलं की ‘अ‍ॅक्युरेट’ म्हणजे काळजीपूर्वक केलेलं, ‘सिक्युअर’ म्हणजे काळजीविना, ‘मॅनिक्युअर’ म्हणजे हातांची निगा, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. ‘केअर’ला मात्र या घरात घेऊ नका. दिसायला सख्खा वाटला तरी तो जर्मॅनिक कुळातला आहे, आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ दुःख, चिंता असा होता.

उच्चार करताना ‘क’ला ‘य’ जोडलाच पाहिजे, ‘कुअर’ नको. ‘क्यूट’सारखी सुरुवात करा आणि ‘अ’वर सोडून द्या. ब्रिटिश उच्चारात शेवटचा ‘र’ ऐकू येत नाही, अमेरिकन उच्चारात येतो. ‘क्युअरिंग’मध्ये ‘र’पुढे स्वर असल्यामुळे तो दोघेही उच्चारतात. साइटवर सर्रास म्हणतात ते ‘क्युरिंग’ अमेरिकन उच्चाराच्या अगदी जवळचं आहे, त्यावरून कोणालाही हसू नये. भूतकाळात ‘क्युअरेड’ नाही, ‘क्युअर्ड’. आपल्या ‘ड’ला जीभ मागे वळते, इथे तिचं टोक सरळ ठेवून वरच्या दातांमागच्या उंचवट्याला टेकवा.

सरावाला ‘वी क्युअर्ड द स्लॅब फॉर टेन डेज’ हे वाक्य घ्या. आधी सावकाश, मग नेहमीच्या वेगात म्हणा, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ‘क्यु’ ऐकू येतोय का ते तपासा.