मोठ्या गाडीला एलईडी बल्ब टाकायच्या आधी एवढं बघून घ्या

उसाचा सीझन सुरू व्हायच्या आत लाईटचं काम उरकून घ्या, कारण एकदा का डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर रस्त्यावर आले की संकेश्वर, चिकोडी, निपाणी कुठल्याही बाजूला रात्री गाडी मारताना समोर काय आहे हे वेळेत दिसणं फार महत्त्वाचं आहे, मागे ना लाईट ना रेडियम असं उसाचं धूड अचानक पुढ्यात येतं. त्यामुळं जास्त उजेड पाहिजे असं वाटणं चुकीचं नाही. पण उजेड किती यापेक्षा तो कुठं पडतो हे आधी बघायचं, आणि मोठ्या एसयूव्हीला तर जास्तच, कारण तिचे हेडलाईट उंचावर असतात, समोरच्या बाईकवाल्याच्या नेमके डोळ्यात जातात.

पैसे घालवायच्या आधी पहिलं काम म्हणजे हेडलाईटची काच बघा. चार-पाच वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी असेल तर ते प्लास्टिक पिवळं, धुरकट झालेलं असतं, त्याच्या मागं कुठलाही बल्ब टाका, उजेड पसरतो आणि पुढं जात नाही. पॉलिश करून घ्या, आणि इंजिन चालू ठेवून बल्बच्या कपलरवर, म्हणजे बल्बला लागणाऱ्या प्लगवर, व्होल्टेज मोजून घ्या. बॅटरीवर १४ च्या आसपास येतंय आणि कपलरवर १२ च्या खाली, तर दोष वायरिंगमधे किंवा अर्थिंगमधे आहे, रिले टाकून वायरिंग नीट केलं की जुने हॅलोजनच, म्हणजे तारेचे बल्बच, बरेच सुधारतात. कितीतरी लोकांचं काम इथंच भागेल, खरंच.

तरी एलईडीच पाहिजे असेल तर आता बल्बचा नंबर. गाडीच्या पुस्तकात किंवा जुन्या बल्बच्या बुडाशी लिहिलेला असतो, एच-४, एच-७, एच-११, एचबी-३ असा काहीतरी, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षात आणि व्हेरिएंटमधे नंबर बदलतो म्हणून मित्राच्या गाडीवरून ऑर्डर करू नका. अप्पर आणि डिपरला एकच बल्ब आहे का वेगवेगळे तेही बघा. आणि हेडलाईट रिफ्लेक्टरवाला आहे का प्रोजेक्टरवाला, म्हणजे आत गोल भिंग दिसतंय का. प्रोजेक्टरमधे आतली पट्टी वरचा उजेड कापते म्हणून तिथं एलईडी त्यातल्या त्यात सांभाळून घेतो. रिफ्लेक्टरमधे सगळा हिशोब हॅलोजनच्या तारेच्या जागेवर बसवलेला असतो. एच-४ मधे डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती उजेड वर जाऊ देत नाही. तर एलईडी घेताना चिप, म्हणजे उजेड देणारे बारीक ठिपके, त्याच तारेच्या जागी आहेत का, तेवढ्याच बारीक पट्टीवर आहेत का आणि एच-४ असेल तर ती वाटी आहे का हे बघा, जाडजूड पट्टी आणि चारी बाजूंनी चिप असलेला बल्ब अजिबात घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे.

बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका. साधा एच-४ हॅलोजन ६०/५५ वॅटचा, अप्परला साधारण १,६५० ल्युमेन (उजेडाचं माप) आणि डिपरला १,०००, एच-७ चे १,५००. आता २५ वॅटचा एलईडी २०,००० ल्युमेन देतो म्हणे, तर ते शक्यच नाही, तेवढ्या वॅटमधे दोन-तीन हजार म्हणजे डोक्यावरून पाणी. खरा वॅट, गॅरंटी आणि बदलून देणारा दुकानदार, एवढं बघा.

रंगाचं मात्र मनावर घ्या. हॅलोजन साधारण ३,२०० केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा), बाजारातले एलईडी बहुतेक ६,००० ते ६,५०० चे, पांढरेफेक. जांबोटीवरून कणकुंबी, चोर्ला घाट करणाऱ्याला पावसाळ्यात ओल्या डांबरावर तो पांढरा उजेड त्रासाचा वाटतो, माझं मत ४,३०० च्या आसपासचा मिळाला तर तोच घ्यावा. दाट धुक्यात रंग कुठलाही असला तरी थेंब उजेड परत डोळ्यावर फेकतातच, तिथं अप्पर बंद, डिपर आणि खाली बसवलेले फॉग लॅम्प, आणि स्पीड कमी.

हेडलाईटच्या मागची जागा मोजा. एलईडीला फॅन किंवा हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, असतो, रबरी कॅप बंद झाली पाहिजे. कॅप कापून भोक पाडणाऱ्या वायरमनला तिथंच थांबवा, खानापूर तालुक्यातल्या पावसात हेडलाईटमधे पाणी साठायला वेळ लागत नाही, आणि एलईडी हॅलोजनसारखी पुढची काच तापवत नाही त्यामुळं आत आलेला दमटपणा लवकर सुकतही नाही. वायर कापून जोडायची नाही, कपलर टू कपलर बसला पाहिजे, नाहीतर गॅरंटी जाते. डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण आली किंवा लाईट लुकलुकायला लागले तर कॅनबस डिकोडर नावाची मधे जोडायची छोटी डबी लागते, कारण एलईडी करंट कमी ओढतो आणि गाडीला वाटतं बल्ब उडाला.

कायद्याचंही आधीच बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल चालत नाही, आणि जुलै २०२४ पासून कर्नाटक पोलिसांनी डोळे दिपवणाऱ्या एलईडीविरुद्ध मोहीम घेतली, कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत दंड. आपण तर कर्नाटकातून महाराष्ट्रात चंदगड, गडहिंग्लज आणि पुढं गोवा असं तीन राज्यांत फिरणारे. ज्यांना ही भानगड नको त्यांनी त्याच वॅटचा चांगल्या कंपनीचा हॅलोजन घ्यावा, १००/९० वॅटचा नको, होल्डर वितळतो.

बसवताना चिप डावी-उजवीकडं तोंड करून राहिल्या पाहिजेत, वर-खाली नाही. मग फोकस. टायरमधे हवा बरोबर, सपाट जागा, लेव्हलिंगचं (हेडलाईट वर-खाली करायचं) बटण शून्यावर, भिंतीपासून ५ मीटर. हेडलाईटच्या मधोमध जेवढी उंची तेवढी खूण भिंतीवर करा, डिपरची वरची कड त्या खुणेच्या ५ ते ७ सेंटीमीटर खाली आली पाहिजे आणि डाव्या बाजूला थोडी चढली पाहिजे. कड दिसतच नाही, सगळा नुसता पांढरा ढग आहे, तर तो बल्ब परत करा, फोकस खाली ओढून काही होणार नाही. नंतर मागं माणसं आणि सामान भरून एकदा बघा, गाडी मागं बसली की उजेड वर जातो, तेव्हा बटण एक-दोनवर घ्या. काढलेले जुने हॅलोजन काचेला बोट न लावता डब्यात घालून टॉर्चसोबत गाडीतच ठेवा, घाटात एलईडी बंद पडला तर तेच लागतील.